मेंढ्यांची आळीपाळीने चराई: तुकडा कधी सोडावा आणि पुन्हा कधी धरावा?

तृणपाल

आळीपाळीच्या चराईविषयी जे वाचायला मिळते, त्यात बहुतेक वेळा एक ठरीव हिशेब दिलेला असतो: कुरणाचे इतके तुकडे पाडा, प्रत्येकात इतके दिवस मेंढ्या ठेवा आणि इतक्या दिवसांनी पहिल्या तुकड्यावर परत या. सुरुवात करण्यापुरता हा हिशेब ठीक आहे. परंतु संपूर्ण हंगाम त्याच्या आधारे काढता येतो, असे मला वाटत नाही. गवत पुन्हा चरण्याजोगे कधी होते आणि त्याच तुकड्यावरील जंतांच्या अळ्या कधी मरतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि हंगामाच्या ऐन भरात त्यांची उत्तरे एकमेकांच्या विरोधात जातात. या धाग्यात मुख्यतः त्या विरोधावर चर्चा व्हावी.

प्रथम गवताची बाजू मांडतो. चरून झाल्यावर नवे पाते फुटते ते सुरुवातीला बुडख्यात आणि उरलेल्या पात्यांत जे काही शिल्लक असते त्याच्या बळावर. पुरेशी हिरवी पाती तयार झाली की गवताच्या वाढीचा वेग झपाट्याने वाढतो आणि पुढे फुलोरा धरू लागल्यावर तो पुन्हा मंदावतो, काड्या ताठ होतात आणि चाऱ्याचा कस उतरतो. म्हणून परत यायचे ते वेगवान वाढीचा टप्पा संपत आलेला असताना आणि फुलोऱ्याच्या आधी. किती उरवायचे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकेत क्रायडर यांनी 1955 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की गवताचा निम्मा वरचा भाग एकदा कापला तर मुळांची वाढ जवळजवळ चालूच राहते, परंतु 80 टक्के कापला तर ती पूर्णपणे थांबते आणि सुमारे 12 दिवस थांबलेलीच राहते. प्रत्येक जातीच्या गवताला हे आकडे जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. तरीही निम्मे खाऊ द्यावे आणि निम्मे राखावे, हा सल्ला कशावर उभा आहे, हे त्यावरून कळते.

मेंढीच्या बाबतीत हे राखणे अधिक अवघड असते. गाय जिभेने गवताचा पुंजका ओढून तोडते, त्यामुळे ती जमिनीलगत सहसा जात नाही. मेंढीचा वरचा ओठ मधोमध चिरलेला असल्याने ती एकेक पाते निवडून अगदी मातीपर्यंत चरू शकते, आणि तिला आवडलेल्या रोपाकडे ती पुन्हा पुन्हा वळते. उबेच्या आणि ओलाव्याच्या दिवसांत चरलेल्या रोपाला तीन ते चार दिवसांत कोवळी फूट येते. कळप त्याच तुकड्यात असेल तर ती फूट लगेच खाल्ली जाते आणि रोप दुसऱ्यांदा उघडे पडते. आंद्रे व्वाझँ या फ्रेंच शेतकरी-अभ्यासकाने 1950 च्या दशकात आग्रहाने मांडलेली गोष्ट हीच होती की एका मुक्कामात एकच रोप दोनदा चरले जाऊ नये आणि दोन मुक्कामांमधील विश्रांती ऋतूप्रमाणे बदलावी.

तुकड्याचा आकार काढण्यासाठी मी वापरतो तो हिशेब येथे देतो. 60 किलो वजनाची दुभती मेंढी दिवसाला वजनाच्या सुमारे साडेतीन टक्के, म्हणजे 2.1 किलो शुष्क चारा (पाण्याचा अंश वजा जाता उरणारा चारा) खाते. 50 मेंढ्यांना 105 किलो लागतो. दाट कुरणात गवताच्या प्रत्येक सेंटिमीटर उंचीमागे हेक्टरी साधारण 200 किलो शुष्क चारा धरला, मेंढ्या 15 सेंटिमीटरवर घातल्या आणि 7 सेंटिमीटरवर काढल्या, तर हेक्टरी 1,600 किलो उपलब्ध होतो. त्यातला तुडवला जाणारा, लेंड्यांनी खराब होणारा आणि टाकून दिला जाणारा भाग वजा केल्यावर 70 टक्के, म्हणजे 1,120 किलो पोटात जातो. तीन दिवसांच्या मुक्कामाला 315 किलो हवा, म्हणून तुकडा 0.28 हेक्टरचा. विश्रांती 30 दिवसांची हवी असेल तर 30 भागिले 3 अधिक 1, असे 11 तुकडे लागतात. विरळ गवतात सेंटिमीटरमागचा आकडा पुष्कळच कमी येतो. एक चौरस मीटर गवत ठरवलेल्या उंचीपर्यंत कापून, वाळवून आणि तोलून तो आपापल्या कुरणापुरता काढून घ्यावा. हा हिशेब फक्त मेंढ्यांचा आहे. कोकरे दोन-अडीच महिन्यांची झाली की तीही चांगला चारा खातात: 20 किलोच्या कोकराने वजनाच्या चार टक्के खाल्ले तरी 70 कोकरांचे 56 किलो होतात आणि कळपाची गरज दीडपटीच्या वर जाते. हंगामाच्या सुरुवातीला बरोबर असलेला तुकडा मध्यावर अपुरा पडतो, तो मुख्यतः यामुळे.

आता जंतांची बाजू. मेंढ्यांच्या बाबतीत सर्वांत घातक असलेला हिमाँकस हा रक्तपिपासू जंत चौथ्या पोटात राहतो. त्याची मादी दिवसाला पाच हजारांहून अधिक अंडी घालते. उबदार आणि ओल्या हवेत लेंडीतील अंड्यापासून संसर्गक्षम अळी व्हायला अवघे चार ते सात दिवस लागतात, आणि ती मुख्यतः गवताच्या खालच्या पाच सेंटिमीटरमध्ये असते. येथे गवताचे आणि जंताचे हित काही अंशी जुळते: चार दिवसांच्या आत तुकडा सोडला तर कळप स्वतःच टाकलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या खात नाही, आणि सात सेंटिमीटर खुंट राखला तर अळ्यांच्या थरात तोंड जात नाही.

विरोध सुरू होतो तो परतण्याच्या वेळी. ऐन वाढीच्या काळात गवत 18 ते 20 दिवसांत तयार होते आणि त्याच सुमारास तुकड्यावर अळ्या भरपूर असतात. थांबावे तर गवत निबर होते, परतावे तर कोकरे अळ्या खातात. आपण या काळात काय करता?

साशंक

मांडणी नेटकी आहे. तरी मूळ गृहीतकाबद्दल बोलणे आवश्यक वाटते. आळीपाळीच्या चराईने उत्पादन वाढते, हे जितके गृहीत धरले जाते तितके सिद्ध झालेले नाही. माळरानांवरील चराईच्या प्रयोगांचा जो मोठा आढावा 2008 साली प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष असा होता की जनावरांची संख्या सारखी ठेवली तर फिरती चराई आणि सलग चराई यांत गवताच्या किंवा जनावरांच्या उत्पादनात सातत्याने दिसणारा फरक आढळत नाही. फरक पडतो तो हेक्टरी जनावरे किती, यामुळे. जाळ्या, तारा आणि पाण्याची सोय यांवर खर्च करण्यापूर्वी कळप जमिनीच्या मानाने जास्त तर नाही ना, हे पाहणे स्वस्त आणि अधिक परिणामकारक आहे. जास्त असलेला कळप 11 तुकड्यांत फिरवला, तरी तो जास्तच राहतो.

तृणपाल

साशंक, संख्येविषयी आपण म्हणता ते मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो आढावाही त्या अर्थी योग्यच आहे. दोन गोष्टी मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतात. एक म्हणजे त्यातील बहुतेक प्रयोग कमी पावसाच्या विस्तीर्ण माळरानांवरचे आहेत, जेथे वर्षातून मोजकेच दिवस गवत वाढते. दाट, ओलाव्याच्या कुरणाची गोष्ट वेगळी असते. दुसरी म्हणजे प्रयोगात वेळापत्रक आधी ठरवून पाळावे लागते, तर आळीपाळीचा खरा उपयोग गवत पाहून निर्णय बदलता येण्यात आहे.

किंबहुना वेळापत्रकाची ही सक्तीच सर्वांत मोठे नुकसान करते, असे माझे निरीक्षण आहे. हवा कोरडी किंवा थंड होऊन गवताची वाढ मंदावते, तेव्हा प्रत्येक तुकड्यात चारा कमी असतो; म्हणून तो दोनच दिवसांत संपतो; म्हणून कळप पुढच्या तुकड्यात लवकर जातो; म्हणून पूर्ण फेरी 33 ऐवजी 22 दिवसांत होते, आणि ती नेमकी अशा वेळी की जेव्हा गवताला 45 दिवसांची विश्रांती हवी असते. पुढच्या फेरीला चारा आणखी कमी मिळतो आणि फेरी आणखी वेगाने होते. दोन-तीन फेऱ्यांत सगळे कुरण एकदमच संपते. व्वाझँ यांनी या धोक्याचा स्वतंत्र इशारा दिलेला आहे. गवत मंदावले की फेरीही मंदावली पाहिजे, हे सांगायला सोपे आहे, परंतु तुकड्यात चारा नसताना कळप तेथे थांबवणार कसा? त्यासाठी कुठून तरी जागा किंवा चारा आणावा लागतो: वाळल्या चाऱ्यासाठी कापून ठेवलेले तुकडे फेरीत घ्यावेत, साठवलेला चारा घालावा, किंवा विक्रीला तयार असलेली जनावरे लवकर काढावीत. यांपैकी काहीच जमत नसेल तर एक तुकडा निवडून कळप तेथेच कोंडून ठेवावा आणि सगळा चारा तेथे आणून घालावा. तो एक तुकडा खराब होईल, बाकीचे दहा वाचतील.

पशुवैद्यकी

तृणपाल यांनी विचारलेल्या मुख्य प्रश्नाला हात घालते. विश्रांतीच्या काळात अळ्या मरतात, हे खरे असले तरी किती दिवसांत मरतात, हे सर्वस्वी हवामानावर अवलंबून आहे आणि ते अनेकांच्या अपेक्षेच्या उलट असते. संसर्गक्षम अळीभोवती आवरण असल्यामुळे ती काही खाऊ शकत नाही. अंगातल्या साठ्यावर ती जगते. उष्ण हवेत तिची हालचाल जास्त, म्हणून साठा लवकर संपतो. थंड आणि ओल्या हवेत ती अनेक महिने टिकते. टोंगा या उष्ण आणि दमट बेटावर शेळ्यांवर झालेल्या, 1994 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा तुकडे, प्रत्येकात साडेतीन दिवस आणि साधारण एक महिना विश्रांती, एवढ्यावर फिरत्या कळपातील अंड्यांची संख्या एकाच जागी चरणाऱ्या कळपाच्या निम्म्याहून कमी राहिली. हाच हिशेब थंड प्रदेशात उचलला तर एका महिन्याने परतणारा कळप अळ्यांच्या भर गर्दीत येऊन पोहोचतो. तेथे जंतांसाठी पुरेशी विश्रांती म्हणजे तीन ते सहा महिने, आणि एवढा काळ कोणीही चालू हंगामात कुरण रिकामे ठेवू शकत नाही.

त्यामुळे माझा सल्ला असा आहे की परतण्याचा दिवस गवतावरून ठरवावा आणि जंतांचा बंदोबस्त मुक्कामाची लांबी, खुंटाची उंची आणि जनावरांची नियमित तपासणी या तीन मार्गांनी करावा. एकाच साधनाकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवली की दोन्ही कामे बिघडतात.

तपासणीसाठी दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेला ‘फामाचा’ (FAMACHA) नावाचा तक्ता अतिशय उपयुक्त आहे. खालची पापणी खाली ओढून तिच्या आतल्या बाजूचा रंग तक्त्यावरील पाच छटांशी ताडून पाहायचा: 1 म्हणजे लालबुंद, 5 म्हणजे पांढरीफटक. चौथ्या आणि पाचव्या छटेच्या जनावराला जंतनाशक द्यायचे. कोकरे, अशक्त जनावरे आणि नुकत्याच व्यायलेल्या मेंढ्या यांना तिसऱ्या छटेवरही द्यावे. तपासणी सूर्यप्रकाशात करावी आणि रंग आठवणीवर न सोडता प्रत्येक वेळी तक्ता हातात धरावा, कारण सगळा कळपच फिकट असेल तर डोळ्यांना तोच रंग नेहमीचा वाटू लागतो. ऐन हंगामात दर दोन आठवड्यांनी आणि सतत पावसाच्या काळात दर आठवड्याला पाहिलेले बरे. जबड्याखाली पाणी साठून सूज आलेली दिसली तर पुढच्या पाळीची वाट पाहू नये. हा तक्ता केवळ रक्तक्षय दाखवतो, हेही विसरू नये. हगवण लावणारे आतड्यातील जंत पापणी फिकट न करता कोकरांची वाढ खुंटवतात, तर यकृतातील चपटे कृमी पापणी फिकट करतात, पण त्यांचे औषध वेगळे असते आणि ते पाणथळ जागेतील गोगलगायींमार्फत येतात. कुरणातील दलदलीचा कोपरा त्यासाठी कायमचा कुंपणाबाहेर ठेवावा.

एका जुन्या पद्धतीविरुद्ध मात्र स्पष्टपणे बोलते. सगळ्या कळपाला जंतनाशक द्यायचे आणि त्याच दिवशी स्वच्छ तुकड्यावर न्यायचे, हे वरवर पाहता शहाणपणाचे दिसते. परंतु औषधाला पुरून उरलेले जंतच तेवढे त्या नव्या तुकड्यावर अंडी टाकतात आणि तेथे त्यांच्या अंड्यांशी स्पर्धा करायला औषधाला बळी पडणाऱ्या जंतांची अंडी नसतात. औषध निकामी करण्याचा याहून जलद मार्ग शोधूनही सापडणार नाही. कळपातील साधारण 20 ते 30 टक्के जनावरांच्या पोटात बहुसंख्य जंत असतात, म्हणून औषध त्यांनाच द्यावे आणि धडधाकट जनावरे तशीच सोडावीत. औषध अजून लागू पडते की नाही, हे पाहण्यासाठी ते देताना आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा लेंड्या तपासाव्यात. अंड्यांची संख्या 95 टक्क्यांहून कमी प्रमाणात घटली तर त्या औषधाला जंत सरावले आहेत, असे समजावे.

नवखा मेंढपाळ

दोन शंका आहेत. पहिली अशी की विण्याच्या दिवसांत कळप दर तीन दिवसांनी हलवावा का? नुकत्याच जन्मलेल्या कोकरांची आणि आईची ताटातूट होण्याची भीती वाटते. दुसरी अशी की विजेच्या जाळीत कोकरे अडकतात, असे ऐकले आहे. त्यावर उपाय आहे का?

पशुवैद्यकी

पहिल्या शंकेबद्दल: विण्याच्या दिवसांत कळप न हलवणेच योग्य. व्यायलेल्या मेंढ्या आणि कोकरे जेथे आहेत तेथे राहू द्यावीत आणि अजून गाभण असलेल्या मेंढ्या पुढच्या तुकड्यात न्याव्यात. म्हणजे एकाच वयाची कोकरे एकेका तुकड्यात जमतात आणि ती दोन-तीन आठवड्यांची झाल्यावर गट एकत्र करता येतात. याच काळात, म्हणजे विण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून ते पुढे सहा ते आठ आठवड्यांपर्यंत, मेंढीची जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि तिच्या लेंड्यांतील अंडी कितीतरी पटींनी वाढतात. त्यामुळे विण्याचा तुकडा हा त्या हंगामातला सर्वांत दूषित तुकडा असतो. दूध तुटलेली कोकरे त्या तुकड्यावर परत नेऊ नयेत, आणि पुढच्या वर्षी विण्यासाठी दुसरा तुकडा निवडावा.

आंत्रविषाराची लसही या वेळापत्रकात बसवावी. गाभण मेंढीला विण्याच्या दोन ते चार आठवडे आधी वर्धक मात्रा दिली तर चिकातून कोकराला संरक्षण मिळते. पुढे कोवळ्या, भरगच्च गवतावर झपाट्याने वाढणारी धष्टपुष्ट कोकरेच या रोगाला आधी बळी पडतात.

झटकातार

जाळीविषयी लिहितो. कोकरे आणि शिंगांची जनावरे जाळीत अडकतात ती बहुधा झटका कमी असलेल्या जाळीत. झटका जोरदार असेल तर जनावर नाक लावताच मागे सरते. तो नसेल तर ते डोके आत घालून पलीकडचे गवत खाऊ लागते आणि तेथून गुंता सुरू होतो. लोकर ही विजेची दुर्वाहक असल्याने मेंढीला झटका बसतो तो नाकाला, कानाला किंवा पायाला. म्हणून कुंपणाच्या अगदी टोकाशीही निदान 4,000 व्होल्ट मिळाले पाहिजेत, आणि ते मोजायला मापक हवाच. झटका मशीन कितीही मोठे घेतले तरी अर्थिंग कच्चे असेल तर उपयोग होत नाही. कोरड्या जमिनीत जनावराच्या पायांतून वीज परत जात नाही. तेथे एक तार झटक्याची आणि तिच्या शेजारची अर्थिंगला जोडलेली, अशी आलटून पालटून जोडणी केली तर दोन्ही तारांना एकदम स्पर्श होताच झटका बसतो.

साध्या तारांचे कुंपण करायचे असेल तर तीन तारा किमान लागतात आणि सर्वांत खालची 20 ते 25 सेंटिमीटरवर असावी. कोकरे असताना चौथी घालावी. तारेला टेकलेले ओले गवत झटका पिऊन टाकते, म्हणून तार लावण्याच्या ओळीतील गवत आधी कापून घ्यावे लागते. नवीन जनावरे थेट मोकळ्या कुरणात सोडू नयेत. पक्क्या भिंतीच्या लहान आवारात आतल्या बाजूने झटक्याची तार लावून त्यांना दोन-तीन दिवस तेथे राहू द्यावे. तारेला एकदा घाबरलेली मेंढी पुढे तार पाहूनच लांब राहते.

मागची तार विसरू नये, एवढेच आणखी सांगतो. पट्टा पुढे सरकवताना पुढची तार सगळेच हलवतात, पण मागे तार नसली की कळप चरलेल्या भागावर परत जाऊन कोवळी फूट खातो, आणि मग आळीपाळी केवळ नावापुरती उरते. मागे जाता येऊ नये म्हणजे पाणीही पुढे न्यावे लागते, आणि बहुतेकांचा आळस तेथेच आडवा येतो. कोरड्या मेंढीला दिवसाला चार-पाच लिटर आणि दुभत्या मेंढीला उन्हाळ्यात दहा लिटरपर्यंत पाणी लागते. ओल्या कोवळ्या गवतावर ते बरेच कमी होते. हलके टाके आणि लांब नळी, एवढ्यावर काम भागते.

रानवाट

गायी किंवा घोडे असतील तर तृणपाल यांनी मांडलेला पेच पुष्कळ सुटतो, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. मेंढीच्या पोटातील हिमाँकस मोठ्या गायीत नीट तग धरत नाही आणि घोड्यात मुळीच नाही. त्यामुळे मेंढ्यांनी सोडलेल्या तुकड्यावर 18 ते 20 दिवसांनी गायी घातल्या तर गवत वेळेवर चरले जाते, त्या अळ्या गिळून टाकतात, आणि मेंढ्या त्यापुढच्या वेळी येतात तेव्हा तुकडा बराच स्वच्छ झालेला असतो. शिवाय गायी निबर गवत खातात आणि मेंढ्या रुंद पानांचे तण खातात, त्यामुळे कुरण एकसारखे राहते. शेळ्यांचा मात्र या कामी उपयोग नाही, कारण त्यांचे आणि मेंढ्यांचे जंत बहुतांशी एकच आहेत. मोठी जनावरे नसतील तर ऐन वाढीच्या काळात एक-तृतीयांश तुकडे फेरीतून काढून ते वाळल्या चाऱ्यासाठी कापावेत. जंतांच्या दृष्टीने कापणीचा परिणाम चांगला होतो, कारण उन्हाने जमीन तापते आणि अळ्या कोरड्या पडतात. त्यानंतर आलेली नवी फूट दूध तुटलेल्या कोकरांसाठी राखून ठेवावी. त्यांच्या इतकी चांगल्या चाऱ्याची गरज दुसऱ्या कोणालाही नसते, आणि जंतांपुढे त्यांच्या इतके दुबळेही दुसरे कोणी नसते.

कोकरे आईबरोबर असतानाही त्यांना पहिला मान देता येतो. पुढच्या तुकड्याच्या कुंपणात फक्त कोकरू जाईल एवढी फट ठेवली, तर कोकरे पुढे जाऊन गवताची कोवळी टोके खातात आणि दुधासाठी मागे येतात. मेंढ्या नंतर त्या तुकड्यात येऊन उरलेले चरतात.

द्विदल मिसळलेले कुरण असेल तर दोन सावधगिरीच्या सूचना. लसूणघास किंवा क्लोव्हर भरपूर असलेल्या ओल्या तुकड्यात उपाशी कळप घालू नये. पोटफुगीचे प्रमाण गायींपेक्षा मेंढ्यांत कमी असले तरी ती होते. आधी वाळला चारा खाऊ घालावा आणि दव उडाल्यावर सोडावे. दुसरे असे की काही क्लोव्हरमध्ये मादीच्या संप्रेरकासारखी द्रव्ये असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1940 च्या दशकात मेंढ्या मोठ्या प्रमाणावर गाभण राहीनाशा झाल्या, त्यामागे क्लोव्हरच होते. म्हणून मेंढा सोडण्याच्या काळात, आणि त्याआधीही काही आठवडे, लाल क्लोव्हरचे तुकडे टाळलेले बरे.

नवखा मेंढपाळ

सर्वांचे आभार. पाऊस फार झाला की कळपात लंगडणारी जनावरे वाढतात. आळीपाळीचा त्यावर काही उपयोग होतो का?

पशुवैद्यकी

खुरांची संसर्गजन्य कुज असेल तर होतो. तिला कारणीभूत असलेला जीवाणू खुराबाहेर, मातीत किंवा कुरणावर, साधारण दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. याचा अर्थ आपल्या फेरीतील तीन-चार आठवड्यांची विश्रांती तुकडा स्वच्छ करायला पुरेशी आहे. संसर्ग टिकून राहतो तो लंगडणाऱ्या जनावरांच्या खुरांत. ती वेगळी काढावीत, बाकीच्या कळपाला 10 टक्के झिंक सल्फेटच्या द्रावणातून चालवावे, खुरे सुकेपर्यंत कोरड्या कठीण जागी उभे करावे आणि मग विश्रांती झालेल्या तुकड्यावर सोडावे. जंतांच्या बाबतीत औषध आणि स्वच्छ तुकडा एकाच दिवशी देऊ नये, असे वर लिहिले आहे. येथे मात्र दोन्ही एकाच दिवशी करणे योग्य ठरते. मोरचूदही या कामी वापरला जातो, पण तांब्याचे विष मेंढीला फार लवकर बाधते आणि ती असे द्रावण पिऊन टाकू शकते, म्हणून मी तो सुचवत नाही.

साशंक

गायी, कापणी आणि तक्ता यांवरील प्रतिसाद वाचल्यावर माझा आक्षेप थोडा सौम्य करतो: आळीपाळीने गवत किती वाढते हा वाद बाजूला ठेवला, तरी दर तीन दिवसांनी प्रत्येक जनावर नजरेखालून जाते, हा फायदा सलग चराईत मिळत नाही. हंगामाच्या शेवटी काय करावे, याबद्दल मात्र कोणीच लिहिलेले नाही.

तृणपाल

पशुवैद्यकी यांचे म्हणणे मी असे समजतो की मुक्काम जंतांसाठी ठरवावा आणि विश्रांती गवतासाठी. ही विभागणी मला पटली आणि माझ्या हिशेबात ती सरळ बसते. रानवाट यांनी सुचवलेली कापणी जोडली तर ऐन वाढीचा पेच बऱ्यापैकी सुटतो, कारण जास्तीचे गवत निबर होण्याआधी उचलले जाते आणि तोच चारा पुढे वाढ मंदावल्यावर कामी येतो.

हंगामाच्या शेवटाविषयी लिहितो. वाढ थांबण्याच्या सुमारे दीड-दोन महिने आधी काही तुकडे चराईतून काढून उभे राखावेत. फुलोरा येऊन गेलेले तुकडे यासाठी निवडू नयेत, तर नुकतेच चरून झालेले निवडावेत, म्हणजे राखलेले गवत पानाळ राहते. हे गवत पुढे पट्ट्यापट्ट्याने दिले तर बरेच दिवस पुरते, आणि वाढ थांबलेली असल्याने या काळात मागच्या तारेची गरज उरत नाही. राखलेले तुकडे वगळून इतरत्र शेवटच्या फेरीत सात ऐवजी दहा सेंटिमीटर खुंट ठेवावा, कारण पुढच्या हंगामाची पहिली फूट त्यावर अवलंबून असते.

मेंढा सोडण्याची वेळ मागे मोजून ठरवावी. गाभणकाळ सुमारे 147 दिवसांचा असतो आणि विल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी मेंढीचे दूध, पर्यायाने तिची भूक, सर्वाधिक असते. तो काळ गवताच्या वेगवान वाढीवर यावा, अशा बेताने मेंढा सोडावा. त्याआधी कमरेच्या मणक्यांवर हात फिरवून मेंढ्यांच्या अंगावर मांस-चरबी किती आहे ते पाहावे. 1 ते 5 च्या मापावर 3 च्या आसपास असलेल्या मेंढ्यांना वेगळे काही लागत नाही. त्याखालच्या मेंढ्या वेगळ्या काढून दोन-तीन आठवडे सर्वांत चांगल्या तुकड्यावर ठेवाव्यात. माजाचे चक्र साधारण 17 दिवसांचे असल्याने मेंढा दोन चक्रे, म्हणजे 34 दिवस ठेवला की पुरते, आणि कोकरांच्या वयात फार अंतर पडत नाही. पुढच्या हंगामात पहिला कोणता तुकडा धरायचा, हे याच वेळी वहीत लिहून ठेवावे. दर वर्षी घराजवळचा तुकडा आधी धरला तर तेथील गवताला हंगामाच्या तोंडाशी विश्रांतीच मिळत नाही आणि चांगल्या जाती तेथून हळूहळू नाहीशा होतात.